‘एक आई’ यांना उत्तर: बंडूचा स्वेटर

‘एक आई’ एवढंच नाव लावून मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नखं खाणाऱ्या बंडूची माझी सहा ओळींची कविता ताईंना ‘विकृत’ वाटली. “मुलांना मरणाची भीती घालून वळण लावायचं हे परदेशी खूळ” असं त्यांचं म्हणणं. शिवाय एक ओळ लंगडते, बंडूची आई निर्दय आहे, आणि जाता जाता, “तुम्ही लहान मूल कधी जवळून पाहिलंय का?”

ताई, बावीस वर्षं पहिली ते चौथीच्या पोरांना कविता वाचून दाखवतोय. हा मुद्दा इथेच मिटला. कविता आवडली नाही असं सरळ लिहिता आलं असतं, त्याला टोमण्याची फोडणी लागत नाही.

लंगडणारी ओळ मात्र मान्य. ‘शुक्रवारी मग उरले कोपर’ असं छापलं होतं. जोडाक्षरामुळे ‘शु’ गुरू, म्हणजे दोन मात्रांचा होतो, शुक्रवारीच्या सात मात्रा, आणि ओळ सतरावर जाते. बाकीच्या सोळाच्या. आता दुरुस्त केली आहे:

बंडू नखे कुरतडत बसला,
नखे संपली, बोटां डसला.
बुधवारी मग उरले कोपर,
शनिवारी तर नुसता स्वेटर!
आई म्हणते, “कामच सरले,
नेलकटरचे पैसे उरले!”

आता ‘भीती घालून’. हे दोन शब्द तुम्ही फार सहज लिहिलेत.

भीती कशी घालतात ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. “झोप, नाहीतर बागुलबुवा येईल.” हा बुवा दिसतो कसा, येतो कुठून, आल्यावर करतो काय, यातलं काहीच कुणी सांगत नाही. पोर अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून पडतं ते या न सांगितलेल्यामुळे. गमतीच्या ताकीद-कवितेत, म्हणजे खोडीची अचाट शिक्षा सांगणाऱ्या कवितेत, नेमकं उलटं असतं. तिथे सगळं मोजून दिलेलं असतं.

हाइन्रिख हॉफमानच्या ‘श्ट्रुव्वेलपेटर’ या जर्मन बालकवितांच्या पुस्तकातला सूप न पिणारा कास्पर घ्या. आधी गोल गरगरीत. पहिल्या दिवशी सूप नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी बराच वाळलेला. चौथ्या दिवशी दोरा. वजन, कवी म्हणतो, ‘कदाचित’ अर्धा लोट, म्हणजे पाऊण तोळ्याच्याही आत. पाचव्या दिवशी खलास, आणि शेवटच्या चित्रात थडग्यावर सूपाचं भांडं. त्या ‘कदाचित’वर पोरं खिदळतात. दोऱ्याएवढ्या मुलाला कुणीतरी काट्यावर घातलंय आणि वर वजनाबद्दल शंका घेतंय! पाच दिवसांत कुणी दोरा होत नाही, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. माझा बंडू याच हिशेबाने जातो: नखं, बोटं, कोपर, स्वेटर. एक पायरी गाळली की गंमत जाऊन नुसती धमकी उरते.

आणि हा हॉफमान कोण? फ्रँकफर्टचा डॉक्टर. आजारी पोर त्याला बघून भोकाड पसरायचं, तेव्हा तो कागदावर पेन्सिलीने केस-नखं वाढलेला मुलगा काढत गोष्ट रचायचा. पोर गप्प झालं की नाडी बघायची. 1844च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधायला गेला, दुकानात सगळी उपदेशाची पुस्तकं, म्हणून कोरी वही आणून स्वतःच लिहिलं. 1845 साली ते छापलं गेलं. म्हणजे हा प्रकार घाबरलेलं पोर शांत करायला जन्मला. ‘खूळ’ म्हणण्याआधी एवढं वाचायला हरकत नव्हती.

त्याच पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे अंगठे शिंपी कात्रीने उडवतो, काडेपेटीशी खेळणाऱ्या पाउलिनेची राख होते. हे वर्गात चालत नाही. मी ते वाचत नाही. शिंपी बाहेरून झेप घेऊन येतो, म्हणजे तो बागुलबुवाच झाला. आणि काडी खरंच पेटते. शिक्षा खोडीतूनच निघायला हवी आणि घडणं अशक्य असायला हवं. म्हणून प्लगचं भोक, गॅसचं बटण, विहीर यांवर अशी कविता लिहायचीच नाही. तिथे सरळ ‘हात लावू नकोस’ म्हणावं. हे तुम्ही लिहिलं असतंत तर मी मान डोलावली असती. तुम्ही बंडूच्या स्वेटरवर घसरलात.

वाचण्याचंही तंत्र आहे. मरणाच्या ओळीला आवाज खाली न्यायचा नाही, थांबायचं नाही, त्याच ठेक्यात पुढे जायचं. बहुतेक पालक नेमके तिथेच गंभीर होतात आणि मग म्हणतात, पोर रडलं. शिवाय वर्गातल्या कुठल्याही मुलाचं नाव वापरायचं नाही. बंडू, चिंगी, गोटू चालतात, दोन गुरू, चार मात्रा, ठेका आपोआप बसतो.

आई निर्दय? इंग्रजी कवी हिलेअर बेलॉकच्या 1907च्या कवितेत दाईचा हात सोडून पळालेल्या जिमला सिंह पायापासून खात जातो, आणि आई डोळे पुसत म्हणते की तिला काही नवल वाटलं नाही, सांगितलेलं ऐकायचाच नाही तो. मोठ्यांचा ‘मी सांगत होते ना’ हा सूर पोरांनी ऐकलेला असतो. हसू त्यावर असतं, आईपणावर नाही.

‘परदेशी’वर काही लिहीत नाही. नेलकटरही परदेशीच.

‘शुक्रवारी’चा ‘बुधवारी’ झाला त्याचं श्रेय तुमचं, कवितेखाली तसं लिहिलंय. पण ‘एक आई’ म्हणून कसं लिहायचं? पुढच्या वेळी नाव घालाल तर बरं.