आमचा नवरा नक्की राहतो कुठे

सकाळी सहा-सव्वासहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आमच्या घरातून एक माणूस हाफ चड्डीवर, हातात कापडी पिशवी घेऊन गेटकडे धावत सुटतो, चार पोई आणि दोन उंडे घेतो आणि मग पोदेराच्या सायकलीला टेकून काल रात्रीच्या मॅचवर दहा मिनिटं बोलत बसतो. तो माणूस न्यू जर्सीत राहतो. म्हणजे तो माझा नवरा आहे, गोव्यात फोंड्याला माझ्या माहेरी माझ्या डोळ्यांसमोर राहतो, पण माझ्या अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी भरलेल्या फॉर्मप्रमाणे न्यू जर्सीत राहतो. आणि त्याच फायलीच्या दुसऱ्या भागात आम्ही दोघं एकाच छपराखाली नवरा-बायकोसारखे राहतो हेही आम्ही फोटोंसकट सिद्ध केलेलं आहे. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकदम खरं कसं हे मला कोणी समजावून सांगू नका, आता माझं काम झालंय.

तर झालं असं की हा तिकडेच जन्मलेला, अमेरिकन पासपोर्टवाला, आईवडील डोंबिवलीहून गेलेले. वर्क फ्रॉम होमच्या काळात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर, 'दोन महिने' म्हणून गोव्यात आला आणि राहिला तो राहिलाच. रात्रभर तिकडच्या वेळेनं काम करायचं, सकाळी पोई खाऊन झोपायचं, दुपारी उठून बाबांबरोबर विहिरीचा पंप दुरुस्त करायचा. माझी आई सावंतवाडीची म्हणून आमच्या घरात मराठी, आजीची कोकणी, आणि ह्याची मराठी म्हणजे "मी शॉवर घेऊन येतो आणि मग ब्रेकफास्ट करतो", पण जमलं. मग सासऱ्यांची तब्येत जराशी कुरकुरायला लागली आणि ठरलं की काही वर्षं तिकडे राहू. लोक म्हणाले, सिटिझनची बायको ना तू, मग काय, सिटिझनच्या बायकोला कोटाबिटा काही नसतो, लगेच होतं. कोटा नसतो हे खरं आहे. 'लगेच' ह्या शब्दावर मात्र मी अजून विचार करतेय.

आधी लग्नाचंच सांगते कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच आहे. गोव्यात लग्न एका दिवसात होत नाही. पहिली सही असते, म्हणजे रजिस्ट्रारकडे जाऊन सांगायचं की आमचा असा असा विचार आहे, मग नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर त्यानं यावं, आणि मग काही दिवसांनी परत जाऊन दुसरी सही. दुसरी सही झाली की कायद्यानं लग्न झालं. आमची दुसरी सही २७ नोव्हेंबर २०२३ ला झाली, त्यानंतर आम्ही दोघं बाहेर पडून भाजी-पाव खाल्ला आणि मी कामावर गेले, हाफ डे होता. खरं लग्न, म्हणजे मांडव, भटजी, मंगलाष्टकं, सातशे पान, ते डिसेंबरात. आजीचं मत पहिल्यापासून स्पष्ट: सहीला लग्न म्हणत नाहीत, ज्या दिवशी गाव जेवलं त्या दिवशी लग्न झालं. तेव्हा आम्ही हसलो.

मग सर्टिफिकेट हातात आलं तर त्यात माझ्या गावाच्या नावात एक अक्षर जास्त. ते काढायला दोन महिने गेले, ऑफिसाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली आहेत, फक्त ज्याच्याकडे शिक्का असतो तो आणि ज्याच्याकडे चावी असते तो हे दोघं एका दिवशी येत नाहीत. तेवढ्यात १ एप्रिल २०२४ उजाडला आणि त्या दिवसापासून आय-१३० ह्या पहिल्याच फॉर्मची फी ५३५ डॉलरवरून ऑनलाईनला ६२५ झाली. आम्ही ३ एप्रिलला भरली. एका जादा अक्षराचे नव्वद डॉलर. बाबा अजून ते रुपयांत करून दाखवतात आणि दर वेळी नव्या रेटनं करतात.

आय-१३० म्हणजे नवरा सरकारला कळवतो की ही माझी बायको. सोबत पुरावा जोडायचा की लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही. मी कुंडईला औषधांच्या फॅक्टरीत क्वालिटीमध्ये काम करते, आमच्यात म्हणच आहे की जे लिहिलं नाही ते झालंच नाही, त्यामुळे मला वाटलेलं हे आपल्या डाव्या हातचं काम. ऑडिटला कपाटभर फायली काढून देणारी बाई मी. बसले अल्बम घेऊन. सातशे पानाच्या लग्नात आम्हा दोघांचे एकत्र फोटो किती असावेत? मधे मावशी आहे. मधे मावशीची जाऊ आहे. एकात आम्ही दोघंच आहोत पण माझ्या तोंडासमोर अंतरपाट. लग्नानंतरचे बघावेत तर फोटो काढणारा कायम नवराच, त्यामुळे मी आणि दूधसागर, मी आणि मांडवी, मी आणि एक म्हैस. दोघांचा एकत्र असा एकच सुरेख फोटो सापडला, लग्नाआधीच्या चतुर्थीला गणपतीवर फळं-भाज्यांची माटोळी बांधताना, हा स्टुलावर आणि मी खालून सुपाऱ्यांचा घोस देतेय, पण त्यात ह्याचं डोकं वरच्या फळांत गेलंय. तरी लावला. खाली लिहिलं, काकडीच्या मागे नवरा.

मग बाबांचं नाव. बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला, आणि पोर्तुगीज कारकुनाला 'श' दिसला की तो एक्स लिहायचा, शेवटी हौसेनं एक एम जोडायचा आणि आडनावाच्या 'क' ला क्यू यू ई. माझ्या जन्माच्या दाखल्यावर तेच स्पेलिंग उतरलंय आणि माझ्या पासपोर्टावर साधं आपलं नेहमीचं. दाखला वाचला तर माझे वडील म्हणजे आमच्याच फॅक्टरीतली एखादी अँटिबायोटिक वाटतात, जेवणानंतर दोन वेळा. ह्यावर इलाज म्हणजे 'वन अँड द सेम पर्सन'चं ॲफिडेव्हिट, की हा बाबा आणि तो बाबा एकच बाबा. गोव्यात हे करून देणाऱ्या नोटरींचा हात बसलेला असतो कारण १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट काढतात, त्या सगळ्यांना हेच लागतं. पणजीच्या नोटरीनं वर न बघता विचारलं, "लिस्बन?" म्हटलं, नाही, अमेरिका. त्यानं वर बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाय, इतकं चांगलं एक्सवालं नाव आहे, वाया घालवतेस."

नंतर वाट बघणे. ह्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही कारण त्यात काही होत नाही. साईटवर केस नंबर टाकायचा, ती म्हणते तुमची केस मिळाली. मिळाली हो, ती तर एप्रिलमध्येच मिळालेली. श्रावणात आईला राहवेना, ती मला घेऊन देवळात प्रसाद लावायला गेली. बाहेरच्यांना सांगते, मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आईनं हात जोडून विचारलं, व्हिसा कुठल्या महिन्यात होईल? भटजी म्हणाले, वहिनी, महिना विचारायचा नाही, फक्त होईल का विचारा. विचारलं. उजवी पडली, ती पण दोन मिनिटांत. अप्रूव्हल आलं पुढच्या वर्षी जूनमध्ये. भटजींना सांगितलं तर म्हणाले, मग, देवीनं होईल म्हटलेलं, घाई तुम्हालाच होती.

जूनपासून मात्र धावाधाव. केस गेली न्यू हॅम्पशायरच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, नवीन केस नंबर आला त्याची सुरुवात बीएमबी. बॉम्बे. आपण नाव बदलून तीस वर्षं होत आली, पण तिकडे बीएमबीच, बाबा खूश, जुनी स्पेलिंगं ठेवणारे आपण एकटेच नाही. ३२५ डॉलर व्हिसाचे, १२० सपोर्टच्या फॉर्मचे, आणि मग डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज. ह्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून राहिलेले सगळे पत्ते लिहायचे. माझे पत्ते म्हणजे घर नंबर आहे पण तो कोणालाच माहीत नाही, कुरियरवाला 'व्हाळाकडची फणसाखालची घरं' म्हणून येतो. पुढे प्रश्न, तुम्ही कुठल्या क्लॅन किंवा ट्राइबचे आहात का? बाबा मागे उभे होते, लगेच, "लिही, देवस्थानाचे महाजन, सातवी पिढी." म्हटलं बाबा, ते 'नाही' लिहायचं असतं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि पुढचा तर माझ्यासाठीच काढलेला: शस्त्रं, स्फोटकं, अणू, जैविक किंवा केमिकल ह्यातलं काही विशेष कौशल्य आहे का? आता मी केमिस्ट्रीत एमएस्सी, आठ वर्षं केमिकलमध्येच हात. नवरा म्हणाला, त्यांना तसं नाही म्हणायचं. म्हटलं त्यांना कसं म्हणायचंय हे तुला कसं माहीत, तू तर न्यू जर्सीत राहतोस.

आता तो मुद्दा. आय-८६४ नावाचा एक फॉर्म आहे, त्यात नवरा लिहून देतो की बायकोला मी सांभाळीन, सरकारवर पडू देणार नाही. त्यासाठी त्याचं उत्पन्न तिकडच्या गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी पाहिजे. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "म्हणजे जावईबापूंचं रेशन कार्ड कुठलं?" उत्पन्न होतं, कंपनी तिकडचीच, टॅक्स भरलेला. अडलं ते दुसऱ्या अटीवर, की स्पॉन्सर स्वतः अमेरिकेत राहणारा पाहिजे. परदेशात असेल तर दाखवायचं की राहणं तिकडचंच आहे, इकडे आपलं तात्पुरतं, किंवा निदान बायकोबरोबर परत जाऊन तिकडे बस्तान बसवणार आहे. आणि ही अट दुसरा कोणी जॉइंट स्पॉन्सर आणून सुटत नाही, ती ह्यालाच पुरी करायला पाहिजे. म्हणजे वर्षभरापूर्वी ज्या माणसाचा टूथब्रश माझ्या टूथब्रशशेजारी आहे हे सिद्ध करायला मी जीव काढला, त्याचाच टूथब्रश मनानं न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे हे आता सिद्ध करायचं. तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं, मतदार यादीतलं नाव, सगळं काढलं. सासूबाईंनी पत्र लिहून दिलं की वरची खोली मुलासाठी आणि सुनेसाठी रिकामी आहे, अटॅच्ड बाथरूमसह, खाली स्वतःच्या मनानं एक ओळ घातली की ट्रेडमिल तेवढी तिथेच राहील. आम्ही ती ओळ काढली नाही, खोटं वाटायला नको म्हणून.

त्याच आठवड्यात पोलीस क्लिअरन्सचं. पणजीच्या पासपोर्ट ऑफिसात अर्ज केला, ५०० रुपये, काम सुरळीत, आणि चौकशीला ठाण्यावरून एक शिपाई घरी आला. भला माणूस, चहा घेतला, शेवग्याचं झाड बघितलं. घरात कोण कोण राहतं विचारलं, मी सांगतेय आई, बाबा, आजी, तेवढ्यात मागच्या दारातून आमचा नवरा, लुंगीवर, उघडा, खांद्यावर नारळ काढायची काठी. शिपाई म्हणाला, "हे कोण?" म्हटलं, नवरा. "खंय रावतात?" आणि त्याच क्षणी, अगदी एकाच क्षणी, मी म्हटलं "हांगाच", म्हणजे इथेच, आणि नवरा म्हणाला "न्यू जर्सी". दोन आठवडे तो ते स्टेटमेंट घोकत होता हो, त्याचा दोष नाही. शिपायानं एकदा लुंगीकडे बघितलं, एकदा काठीकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, सगळं बरं आहे ना घरात?"

मेडिकल ठरलेल्याच डॉक्टरांकडे करावं लागतं, आम्ही ते मुंबईला केलं. कोकणकन्यानं गेलो, छातीचा एक्स-रे, रक्त, दोन इंजेक्शनं, परत. त्यावर जास्त लिहीत नाही, दंड दुखला इतकंच. मग ऑक्टोबरात परत मुंबई, बीकेसीतली अमेरिकन वकिलात, इंटरव्ह्यू. मोबाईल आत नेता येत नाही म्हणून नवरा दोघांचे मोबाईल घेऊन बाहेर, मी आत, मांडीवर दोन किलोची फाईल, रंगीत टॅब लावलेली, अनुक्रमणिकेसकट, आमच्या ऑडिटला पण इतकी सुबक कधी झाली नव्हती. खिडकीत बोलावलं. शपथ घेतली. ऑफिसरनं स्क्रीनकडे बघत सहज विचारलं, लग्न कधी झालं?

आणि मी विचारलं, "कुठलं?"

त्यांनी मान वर केली. मला कळलं की आपण काय बोललो. दीड वर्षं प्रत्येक फॉर्मवर दोन तारखांशी झुंजून डोक्यात तेच बसलेलं, आजी म्हणते डिसेंबर, रजिस्टर म्हणतं नोव्हेंबर. ऑफिसरनं टायपिंग थांबवून विचारलं, तुमची किती लग्नं झाली आहेत? म्हटलं एकच, एकाच माणसाशी, पण दोनदा, आणि मग थांबायचं सोडून मी त्यांना गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड कसा अजून चालतो, पहिली सही काय, दुसरी सही काय, सातशे पान काय, सगळं सांगायला लागले, फाईल उघडून माटोळीच्या फोटोपर्यंत पोचले. ते म्हणाले, ठीक आहे मॅडम, ठीक आहे, हा फोटोत कोण आहे? म्हटलं, काकडीच्या मागे, नवरा. ते हसले असं मला वाटतं, काच होती मधे. व्हिसा मंजूर. फाईल त्यांनी उघडली पण नाही, टॅब वाया.

पासपोर्ट व्हिसासकट घरी आला तेव्हा नोव्हेंबर लागला होता. आईनं देवीला ओटी भरली, बॅगा काढल्या, आणि नवरा म्हणाला, थांबा. त्यानं रात्रभर वाचलं होतं. अमेरिकेत पाय ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड मिळतं दोनच वर्षांचं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत परत अर्ज, परत पुरावे, परत दोघांचे फोटो. दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर दहा वर्षांचं कार्ड, मिटलं. म्हणजे २७ तारखेपर्यंत जायचं नाही. ज्यानं दीड वर्षं रोज सकाळी साईट उघडून कपाळावर हात मारला तो माणूस आता व्हिसा खिशात घालून पोदेराशी मॅचवर बोलतोय आणि शेजारीण रोज कुंपणावरून विचारतेय, "कितें गो, अजून हांगाच?"

२९ ची तिकिटं बघितली. आजी माजघरात सुपारी कातरत होती, तिला समजावलं की सहीपासून दोन वर्षं मोजायची. तिनं अडकित्ता खाली ठेवला. म्हणाली, सहीच्या दिवशी तुम्ही दोघांनी भाजी-पाव खाल्लात, गावात कोण जेवलं? आणि उद्या तिथल्या विमानतळावरच्या माणसानं हेच विचारलं तर?

नवरा हसला नाही. त्यानं लॅपटॉप परत उघडला आणि डिसेंबरच्या तिकिटांचे दर बघायला लागला.