ही कसली उंटसफारी?

वाळूच्या टेकडीला उंटावरून एक फेरी, मागे मावळता सूर्य, चार फोटो, उतरा. याला हल्ली ‘डेझर्ट सफारी’ म्हणतात. माझ्या लेखी हा जत्रेतला पाळणा आहे, फक्त पाळणा जिवंत आहे.

वाळवंटात जायचंच असेल तर निदान एक रात्र उघड्यावर काढा. आणि वाटेतलं निम्मं अंतर उंटावरून उतरून चाला. हे ऐकलं की लोक हसतात, ‘मग उंटाचे पैसे कशाला द्यायचे?’ म्हणतात. बसून बघा की तासभर! उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम उचलतो, त्यामुळे बसणारा सतत डावी-उजवीकडे हेलकावत राहतो. खोगिराला बऱ्याचदा रिकीब नसते. पाय लोंबकळून मुंग्या येतात, मांड्या भरून येतात आणि कंबर तर बोलायलाच लागते. उंट रमतगमत ताशी चार-पाच किलोमीटर जातो, म्हणजे आपल्याच चालीने. त्याच्याबरोबर चालण्यात काही दिव्य नाही, उलट सुटका आहे.

शिवाय खाली उतरल्याशिवाय वाळवंट दिसतच नाही. जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा भागच वाळूचा आहे. बाकी सगळं खडी, खडक, कडक भुई आणि काटेरी झुडपं. फोटोतल्या टेकड्या म्हणजे त्यातला नटवा कोपरा. पहाटे वाळूवर किड्यांच्या, सरड्यांच्या पावलांच्या रांगा असतात, त्या वरून कशा दिसणार?

(नवख्यांसाठी: उंट उठताना मागचा भाग आधी वर येतो आणि आपण तोंडावर पुढे जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो. दोन्ही वेळा मागे रेला आणि खोगीर घट्ट धरा.)

आता त्या जनावराबद्दल. मदारीत पाणी नसतं, चरबी असते, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. खरी गंमत वेगळीच आहे. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सहारात उंटांचा अभ्यास केला. तहानलेला उंट अंगाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० च्या वर चढू देतो, असं त्यात दिसलं. आपल्याला एवढा ताप आला तर घर डोक्यावर घेऊ. त्याचा मात्र घाम वाचतो, म्हणजे पाणी वाचतं. पण ‘उंटाला काही होत नाही’ असा अर्थ यातून काढू नका. तहान सोसणं वेगळं आणि खोगिराखालची जखम सोसणं वेगळं.

उंटावर बसूच नये, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. नीट सांभाळलेल्या उंटाला माणसाचं ओझं जड नाही. जड जातं ते रोज दिवसभर तीच फेरी मारणं, रांगेतल्या प्रत्येकासाठी उठणं-बसणं.

रात्रीचं तेवढं सांगते. हवा कोरडी, वर ढग नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन अंधार पडताच उष्णता सोडून देते. दुपारी होरपळलेला माणूस पहाटे कुडकुडतो. टोपी आणि उबदार पांघरूण न्या, स्पीकर घरी ठेवा.

पैसे देण्याआधी उंट बघा. खोगिराखाली आणि नाकाजवळ जखमा आहेत का, बरगड्या दिसतात का. दिवसाला किती चालणार, मधे किती थांबणार, उंटाला पाणी कुठे मिळणार, हे विचारा. एवढ्यावरून उंटवाला वैतागला तर खुशाल दुसरा शोधा.