पंख आहेत म्हणून धोका नाही?

काल दारव्ह्याला बहिणीकडे गेलो, तर भाच्याचा विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता भिंतीला टेकवलेला. लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पंख असल्याने अंतराळवीरांना धोका नाही.' "काहून लिहिलं रे हे?" तर म्हणे, "मामा, ग्रुपवर आलं ना." मेसेज असा: इस्रोचं 'पुष्पक' हे पंखवालं यान अवकाशात जाऊन आलंय; आता आहे त्याच एलव्हीएम-३ रॉकेटच्या टोकावर बसवा आणि माणसं पाठवा; पंख आहेत, सुटकेची यंत्रणा लागतच नाही.

हा पंखांचा मुद्दा जीवघेणा आहे. तरंगायला वेग लागतो, उंची लागते. रॉकेट तळावरच पेटलं तर यानाकडे दोन्ही नसतं. तेव्हा त्याला आगीपासून खेचून नेणारी जोरदार मोटर हवी, पंखांचं काम त्यानंतर. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाला पंख होतेच की! २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणाच्या ७३ व्या सेकंदाला ते फुटलं, सातही जण गेले. सुटकेची सोय नव्हती. इस्रोने २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानासाठी याच सोयीची चाचणी घेतली.

'आहे तेच रॉकेट' हे अर्धं खरं, मान्य. गगनयानाला एलव्हीएम-३च आहे, पण माणसांसाठी सुधारून. बांबूच्या टोकाला सूप बांधून वावटळीत उभा धरून बघा, मनगटाला कळेल. उपग्रह गुळगुळीत आवरणात झाकून जातो; उघडं पंखवालं यान वाऱ्यात बाजूला उचल खातं आणि अख्ख्या रॉकेटला वाकवतं. अमेरिकेचं ॲटलस-५ २००२ पासून उडतंय. ५ जून २०२४ ला त्यावरून माणसं गेली, तीही बिनपंखांच्या कुपीत, म्हणजे कॅप्सूलमध्ये. तरी वरच्या टप्प्याला एकाऐवजी दोन इंजिनं, बिघाड ओळखणारी यंत्रणा आणि कुपीखाली हवेचा भार सांभाळणारा घेर लावावा लागला. 'ड्रीम चेसर' या यानाचं पोटच पंखाचं काम करतं. तेही आधी याच रॉकेटवरून माणसं नेणार होतं. आता त्याचं मालवाहू रूप पंख दुमडून आवरणाच्या आत बसवायचं ठरलंय.

'पुष्पक अवकाशात जाऊन आलंय' हे तर साफ खोटं. २०१६ चा पावणेदोन टनी बिनमाणसांचा नमुना ६५ किलोमीटरपर्यंत गेला आणि बंगालच्या उपसागरात उतरला. २०२३-२४ मध्ये यान हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर उतरवलं, बस.

परतताना पंखवाल्या यानात अंगावर भार कमी येतो, हे खरं. पण ते परतीचं झालं.

तक्त्यावर कागद चिकटवून भाच्याने ती ओळ नव्याने लिहिली. प्रदर्शन सोमवारी आहे. ज्यांच्या लेकरांनी हाच मेसेज उतरवून घेतलाय, त्यांनी आज रात्रीच तक्ता बघून घ्या.