२ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉले लंडनमध्ये नव्हता

भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याचं ते भाषण परत फिरतंय. भारतभर हिंडलो पण एक भिकारी दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर शिक्षण बदला, वगैरे, खाली तारीख २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंट. काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, इंग्रजी साहित्य अभ्यासक्रमातून काढूनच टाका.

अहो काका, त्या दिवशी तो कलकत्त्यात होता! त्याच तारखेचं त्याचं खरं 'मिनिट', म्हणजे सरकारी टिपण, आहे आणि ते या बनावट भाषणापेक्षा कितीतरी जास्त अपमान करणारं आहे, युरोपातल्या चांगल्या लायब्ररीतली एक फळी म्हणे भारत आणि अरबस्तानच्या आख्ख्या साहित्याला पुरून उरते. रागवायला खरं पुरेसं असताना खोटं कशाला पसरवायचं?

मी शिकवते तो वसाहतकालीन आणि वसाहतोत्तर साहित्याचा कोर्स याच आठवड्यात संपला, फायनल पेपर्सचा ढीग पुढ्यात आहे, म्हणून जास्तच तिडीक आली. आम्ही इथे, परदेशातल्या वर्गात, काही काढून टाकलं नाही. आधी कॉनराडची आफ्रिकेवरची 'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचली, १८९९ ची, मग नायजेरियन लेखक अचेबे. अचेबेने १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या व्याख्यानात कॉनराडला सरळ वंशवादी म्हटलं, पण पुस्तकावर बोट ठेवून म्हटलं, की आफ्रिकन माणसांच्या तोंडी यात वाक्यं आहेतच किती? मुलांनी पेन्सिल घेऊन ती शोधली, फार वेळ लागला नाही. विरोध असा करायचा असतो, वाचून.

केनियन लेखक न्गुगीनेही नैरोबी विद्यापीठात इंग्रजी डिपार्टमेंट बंद करा म्हटलं होतं, १९६८ ला. पण नंतर तो स्वतः गिकुयूत, आपल्या मातृभाषेत, लिहायला लागला, स्वतंत्र केनियाच्याच सरकारने तुरुंगात टाकलं तर तिथे टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली. आमच्या ग्रुपवर मेकॉलेला शिव्या घालणाऱ्यांची मुलं मात्र इंग्लिश मीडियमला.

शेवटी 'गुलामगिरी' लावलं, १८७३ चं. गुलामांच्या मुक्तीसाठी झटले म्हणून जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय. एका ब्लॅक विद्यार्थिनीने लगेच विचारलं, १८७३? त्याच वर्षी अमेरिकेतल्या लुइझियानात गोऱ्यांनी काळ्या लोकांचं कोलफॅक्सचं हत्याकांड केलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं? प्रश्न बरोबरच होता. पण जोतीरावांना अमेरिकेची आरती करायची नव्हती, आपल्या घरातले मालक दाखवायचे होते, आणि ते स्वतः शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत. ग्रुपवर ही बाजू कुणीच काढत नाही, कारण मग बोट आपल्याकडे वळतं.

आणि खरं सांगू का, मला ते फॉरवर्ड लागतं. रक्ताने भारतीय, आवडीनिवडीने इंग्रज, मेकॉलेला हवी असलेली ती जमात म्हणजे काकांच्या लेखी मी. इथे उलटं, दक्षिण आशियाचा विषय निघाला की मीटिंगमधले सगळे माझ्याकडे बघतात. दोन्हीकडे मी कुणाचा तरी नमुना. त्या दिवशी क्लासमध्ये जोतीराव आणि धोंडीबाचा थोडा संवाद मी मराठीतून मोठ्याने वाचला, कुणाला एक अक्षर कळलं नाही, आणि मला इतकं बरं वाटलं की मी ठरलं होतं त्यापेक्षा पुढे वाचत गेले. पुढच्या वर्षी 'गुलामगिरी' शेवटाला नाही, कॉनराडच्या आधी लावणार, आणि पहिलं पान मराठीतूनच वाचणार.