फाटकातली पत्रकं

आज सकाळी अंगणातली नाली तुंबली. रात्रभर पाऊस होता, पाणी पार पायरीला लागलं. जाळी उचलून हात घातला तर मूठमूठभर पत्रकं! कोचिंग क्लास, प्लॉट, फर्निचरचा सेल. साधा कागद निदान विरघळतो. हा गुळगुळीत कागद एकावर एक चिकटून थापून बसला होता. अर्धा तास नखांनी खरवडत बसले.

मागितली कोणी होती ही? फाटकात खोचायची, गाडीच्या हँडलला अडकवायची, पेपरात घालायची. आजच्या पेपरातून सात पडली, सात! नको त्या फोनसाठी १९०९ वर नोंद तरी करता येते. फाटकासाठी कुठे करायची? "पत्रके टाकू नये" अशी पाटी लावली, तर पाटीच्याच मागे खोचून गेले.

आपण विदर्भातली माणसं. कागद कशातून होतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात किती वर्षं गेला! जंगलातला बांबू तोडायचा, पाणी ओतायचं, कागद करायचा, आणि एक ओळही कोणी न वाचता तो माझ्या नालीत. ओला झाला की रद्दीवालाही घेत नाही. मग कचरागाडी, मग आपल्या नागपूरचा भांडेवाडीचा कचरा डेपो. तिथला ढीग पेटला की धूर कोणाच्या घरात शिरतो?

२३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आठवते ना? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. तो पूर पत्रकांनी आला असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून दारात पाणी साचलं की छातीत धस्स होतं. आज त्या जाळीत हात घालताना तेच झालं.

छोट्या दुकानदाराला दुसरी जाहिरात परवडत नाही, हे मान्य. पण म्हणून माझं फाटक?

हे लिहीत होते तेवढ्यात फाटक वाजलं. पुन्हा पत्रकंच. तणतणत बाहेर गेले. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, शर्ट ओला, पिशवी मात्र प्लास्टिकमध्ये जपून गुंडाळलेली. म्हणाला, "काकू, सगळे वाटल्याशिवाय पैसे नाही भेटत."

काय बोलणार त्याला? चहा दिला. त्याच्याकडून वीसेक पत्रकं मागून घेतली, निदान नालीत तरी जाणार नाहीत. टेबलावर पडली आहेत. सगळ्यात वरच्या पत्रकावर मालकाचा नंबर आहे. आता लावते.