चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही अंतराळात

मागच्या महिन्यात ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये दुसऱ्या प्लेयर्सनी माझं मालवाहू जहाज उडवलं. चूक माझीच, आधीच सांगतो. रात्री साडेअकराला ऑटोपायलट लावला आणि पिठलं गरम करायला किचनमध्ये गेलो. ऑटोपायलट गेटच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडे उडी मारायच्या दाराच्या, बऱ्याच अलीकडे सोडतो आणि मग जहाज बैलगाडीसारखं रांगत गेटपर्यंत जातं. ताऱ्याची सिस्टीम उएदामा, सिक्युरिटी ०.५, म्हणजे कागदावर सेफ. ताट घेऊन परत आलो तर जहाज गायब, मी छोट्याशा पॉडमध्ये, आणि कोणीतरी माझा वाचलेला माल शांतपणे गोळा करून घेऊन चाललंय.

आता गंमत बघा. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा झाली. कॉन्कॉर्ड म्हणजे गेममधले पोलीस आले आणि त्यांची सगळी जहाजं उडवली. कॉन्कॉर्डपासून सुटकाच नाही, काहीतरी जुगाड करून निसटलात तर तो नियमभंग धरतात आणि खरंखुरं अकाउंट जाऊ शकतं. पण त्यांची जहाजं कसली, तर कॅटॅलिस्ट, स्वस्तातली. मरायचंच आहे हे धरूनच आणलेली. माल उचलणारा भिडू वेगळाच. म्हणजे ही शिक्षा नाहीच, हे तिकीट आहे. नो पार्किंगमध्ये गाडी लावून दंड खिशात तयार ठेवणारे लोक असतात ना, तसं.

आणि हे तरी बरंय म्हणायचं, २०११ च्या शेवटापर्यंत तर कॉन्कॉर्डने उडवलेल्या जहाजाचाही इन्शुरन्स मिळायचा! गुन्हा करा, पोलिसांकडून मरा, वर भरपाई घ्या. नंतर ते बंद केलं. मग २०१३ मध्ये टॅग नावाचे गेममधले बिल्ले देऊन, गुन्ह्यांमुळे घसरलेलं सिक्युरिटी स्टेटस, म्हणजे वागणुकीचे गुण, वर आणायची सोय आली, म्हणजे पैसे टाका आणि परत सज्जन व्हा.

एलिट डेंजरस या दुसऱ्या अंतराळ गेमची तऱ्हा उलटी. तिथे मनुष्यवधापेक्षा पार्किंगचा राग जास्त. स्टेशनच्या दारात रेंगाळलात की अनाउन्समेंट, लॉयटरिंग इज अ क्राइम पनिशेबल बाय डेथ, म्हणजे रेंगाळण्याला मृत्युदंड. नवीन पोरगा लँडिंग पॅड शोधत घाबरून भरकटतोय आणि त्याला तोफा! आणि २०१८ च्या आधी दुसऱ्या प्लेयरला मुद्दाम मारणारा काय करायचा, तर फुकटातलं साइडवाइंडर जहाज घ्यायचा, त्यात बसून स्वतःच मरायचा, बाउंटी, म्हणजे डोक्यावरचं इनाम, साफ. ज्याचं ॲनाकोंडासारखं महागडं जहाज गेलं तो बिचारा किमतीच्या ५ टक्के, म्हणजे सत्तरेक लाख क्रेडिट भरून परत उभा राहतोय.

फेब्रुवारी २०१८ च्या अपडेटमध्ये बाउंटी जहाजाला चिकटवली आणि नोटोरायटी, म्हणजे बदनामीचे पॉइंट, आणली. खून केला की एक पॉइंट, जास्तीत जास्त १०, आणि एक उतरायला दोन तास, तेही गेम चालू असताना. तोवर बाउंटी भरून मोकळं होता येत नाही. कल्पना मला पटते, कारण पैसा जुन्या प्लेयरकडे पोत्याने असतो, वेळ सगळ्यांकडे सारखाच. पण लोक स्टेशनात जहाज लावून झोपायला जातात, सकाळपर्यंत पुण्यवान.

गँक करणारे, म्हणजे टोळीने गाठून मारणारे, म्हणतात धोका काढला तर खेळात उरलं काय. अहो, मान्य! मला भीती हवीच आहे, रिकाम्या आकाशात माल वाहण्यात कसली मजा, त्यापेक्षा एसटीचं तिकीट फाडलेलं बरं. माझं म्हणणं एवढंच की हिशोब माझ्या नुकसानावरून लावा. दहा जणांनी मिळून माझं कोट्यवधींचं उडवलं तर त्यातला काही हिस्सा त्यांच्या खात्यातून माझ्याकडे यायला काय हरकत आहे? पहिल्यांदा धक्का लागलेल्याला वॉर्निंग द्या, पन्नासाव्यांदा मारणाऱ्याला पन्नासपट लावा. खरं तर दोन्ही गेममध्ये शिक्षा भरपूर आहे, भोगणाऱ्याला मारणाऱ्याच्या खिशातून काही मिळत मात्र नाही. मला कॉन्कॉर्डचा स्फोट बघायला मिळाला. तोही नाही खरं तर, मी पिठल्यापाशी होतो.

आता उएदामातून जाताना हाताने चालवतो. परवा गेटजवळ एक जहाज तसंच रांगत येताना दिसलं आणि बाजूला चार-पाच कॅटॅलिस्ट. लोकल चॅटमध्ये त्याला नावानिशी टाकलं, भाई ऑटोपायलट काढ. दोनदा टाकलं. उत्तर नाही. जेवायला गेला असणार.