तळं आटवलं म्हणजे नेमकं काय केलं?

नेदरलँड्समधल्या हार्लेममेर या तळ्याची गोष्ट बहुतेक वेळा १८५२च्या आसपास सुरू होते आणि तिथेच संपते. पंप लागले, तळं आटलं, शेतं पिकली, माणूस जिंकला. मला ती अर्धीच वाटते.

मुळात ते तळं एवढं अवाढव्य झालं कसं? त्या भागातली दलदलीची माती, म्हणजे पीट, वाळवली की छान जळते. लोक शतकानुशतके ती खणत राहिले. खड्ड्यांत पाणी साठलं, वाऱ्याच्या लाटांनी मऊ काठ ढासळत गेले आणि वेगवेगळी तळी एकमेकांत मिसळली. काठची गावं पाण्यात गेली. लोकांनी त्याला ‘पाण्याचा लांडगा’ म्हटलं. लांडगा खरा, पण त्याला खाऊ घालून वाढवण्यात आपलाही हात होता हे कोण सांगणार! (१५७३ साली याच तळ्यात स्पॅनिश आणि बंडखोर डच आरमारांची लढाई झाली होती. आज तिथे ट्रॅक्टर फिरतात.)

यान लेखवाटर या डच अभियंत्यानं १६४१ मध्येच पवनचक्क्यांनी तळं उपसायची योजना मांडली होती. हो-नाही करता करता जवळपास दोनशे वर्षं गेली. १८३६च्या नोव्हेंबरातल्या वादळात पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आलं, डिसेंबरात लायडनकडे घुसलं, तेव्हा कुठे सरकार हललं. १८४० मध्ये तळ्याभोवती सुमारे ६० किलोमीटरचा कालवा खणायला घेतला. मग वाफेवरची तीन पंपघरं आली. त्यातल्या क्रुकियस नावाच्या पंपघरातल्या इंजिनाचा सिलिंडर १२ फूट व्यासाचा होता, इंग्लंडात कॉर्नवॉलला घडवलेला. पाणी उपसून कालव्यात टाकायचं आणि कालव्यातून समुद्राकडे सोडायचं, एवढंच काम. १८५२च्या उन्हाळ्यात सुमारे १८,००० हेक्टर तळ उघडा पडला.

आणि माझा खरा राग इथे आहे. सरकारनं जमीन विकून खर्च काढायचं बघितलं. जे राबायला आले त्यांच्या वाट्याला चिखल, गढूळ पाणी, कॉलरा आणि हिवताप आला. धड रस्ते नाहीत, शाळा नाहीत. पंपघरांना तिघांची नावं मिळाली: लेखवाटर, क्रुकियस, लिंडन. कुदळी मारणाऱ्यांचं नाव कशालाच नाही.

बरं, ‘आटवलं’ हा भूतकाळही फसवाच. तिथली जमीन समुद्रसपाटीच्या कित्येक मीटर खाली आहे. पाऊस पडतो, जमिनीतून पाणी झिरपतं, तेही काही ठिकाणी खारट. म्हणजे उपसा आजही चालूच. क्रुकियसचं धूड १९३३ मध्ये थांबलं, आता ते संग्रहालय आहे. पण काम थांबलं नाही, ते दुसऱ्या पंपांकडे गेलं. स्खिपोल विमानतळही याच तळ्याच्या तळाशी आहे.

नाव मात्र अजून तेच, हार्लेममेर. मेर म्हणजे तळं. बांधाखालच्या शेतात उभं राहिलं तर कालव्यातल्या बोटी डोक्याच्या वरून जाताना दिसतात.